वरातीपुढचं काळं व्हायोलिन

माझी बहीण बार्बरा छत्तीस वर्षांनी न्यूझीलंडहून शेटलंडला, स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या आमच्या बेटांवर, परत आली, त्याच उन्हाळ्यात शेजारच्या लॉरीच्या नातीचं, ऑस्लाचं लग्न झालं.

लॉरी व्हायोलिनं बनवायचा. आमच्याकडे झाडं नाहीत. समुद्राने किनाऱ्यावर टाकलेलं लाकूड तो वेचून आणायचा आणि वर्षानुवर्षं वाळवायचा. ऑस्ला लर्विक शहरात वाद्यांच्या दुकानात होती आणि कार्बन फायबरची काळी व्हायोलिनं विकायची. ती सुट्टीला घरी आली की दोघांची जुंपायची.

"तुझ्या त्या काळ्या कढईला गिऱ्हाईक तरी मिळतं का गं?"

"बोटीवरची माणसं घेतात, शाळा घेतात, उघड्यावर वाजवणारे घेतात. तुमच्या व्हायोलिनला तर तुमच्याआधी सर्दी होते, आजोबा."

"माझं व्हायोलिन शंभर वर्षांनी दामदुपटीने जाईल. तुझं तेव्हा कोण घेईल?"

"शंभर वर्षांनी कोणी बघितलंय? आज पावसात वाजवायचं असेल तर?"

"पावसात शहाणी माणसं घरात बसतात."

पण लग्नाच्या दिवशी घरात कसं बसणार? आमच्या बेटावर चर्चपासून हॉलपर्यंत मैलभर वरात चालत जाते. पुढे व्हायोलिनवाला, मागे नवरानवरी, त्यांच्यामागे जोडीजोडीने सगळे. सूर थांबला की वरात जागच्या जागी थांबते. सूर चालू असेल तोवर त्याच्यामागून चालायचं. रांग मोडायची नाही, मागे वळायचं नाही, नाहीतर संसारही तसाच मोडतो म्हणतात. चाळीस वर्षं प्रत्येक वरातीपुढे लॉरीच होता. नातीच्या वरातीपुढेही आपणच असावं म्हणून त्याने गुडघ्याचं ऑपरेशन पुढे ढकललं होतं.

आणि नेमकी तिथेच त्याने चूक केली. हवा ओलसर आहे म्हणून त्याने तीन दिवस आधीपासून व्हायोलिन चुलीवरच्या खुंटीला टांगून ठेवलं. लाकूड पापडासारखं वाळलं.

वरात निघाली तेव्हा ऊन होतं. अर्ध्या वाटेवर समुद्रावरून आडवा पाऊस आला. लॉरीने अंग वाकवून व्हायोलिन झाकलं, पण वाळलेल्या लाकडाला पाणी लागताच कडेचा सांधा सुटला. सूर घोगरा झाला आणि बंद पडला.

नवे कपडे घातलेली साठ माणसं रस्त्यात भिजत उभी राहिली.

"लॉरी, छत्तीस वर्षांनी मला भिजवायलाच बोलावलंस का रे?" बार्बरा मागून ओरडली.

मी रांगेत नव्हतो. मटणाच्या सूपचं पातेलं घेऊन व्हॅनमधून मागोमाग येत होतो. फेरीबोटीवरच्या मॅन्सनला द्यायला म्हणून ऑस्लाने एक काळं व्हायोलिन त्याच व्हॅनमध्ये ठेवलं होतं. मी पेटी घेऊन पुढे गेलो. एव्हाना नुसती भुरभुर उरली होती.

"हे घे."

"कढई?" लॉरी म्हणाला. "पन्नास वर्षं लाकूड तासलं मी. आता नातीच्या लग्नात हे हातात धरू? गाव हसेल."

"गाव भिजलंय. हसायचं त्राण नाही त्याच्यात."

मला वाटलं, आता ऑस्ला दुकानातल्यासारखे चार गुण सांगेल. तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. ती एवढंच म्हणाली, "आजोबा, तुम्ही पुढे नसाल तर मला जायचंच नाही. मी इथेच उभी राहते."

"मग सूप इथेच वाढा," नवरा मुलगा एरिक म्हणाला, आणि शिंकला.

लॉरीने फुटकं व्हायोलिन माझ्या हातात दिलं आणि काळं हनुवटीखाली धरलं. "थंडगार आहे. मासाच जणू," असं पुटपुटत त्याने पेटीतला कोरडा गज ओढला. सूर असा खणखणीत निघाला की भिंतीपलीकडच्या मेंढ्यांनी माना वर केल्या. लॉरीने व्हायोलिनकडे बघितलं. पुन्हा गज ओढला. मग तो जो निघाला, गुडघा दुखतो हेसुद्धा विसरला.

हॉल आला. दार सताड उघडं होतं. लॉरी दारावरून सरळ पुढे गेला.

"आजोबा, दार मागे राहिलं!"

"कळतंय मला! अजून एक गत वाजवून बघतोय!"

सूर चालू, म्हणजे वरातही चालू. तो आम्हाला धक्क्यापर्यंत घेऊन गेला, तिथून परत आला, हॉलला वळसा घालून पुन्हा धक्क्याकडे. मीही व्हॅन सोडून मागून निघालो होतो. बार्बराने बूट हातात घेतले आणि ती रस्त्यावरच नाचू लागली. हसून हसून माणसांना चालवेना. तिसऱ्या फेरीला लॉरी आत शिरला तेव्हा सूप निवलं होतं.

मॅन्सन पाहुण्यांतच होता. "माझं व्हायोलिन जुनं झालं की हो. किंमत उतरवा."

"उतरवायची कशाला? ते तुला मिळतच नाही," लॉरी म्हणाला. "माझ्या भिंतीवरचं कुठलंही लाकडाचं उचल."

"आणि बोटीवर खाऱ्या वाऱ्यात उकलून घेऊ? मला काळंच पाहिजे."

ऑस्लाने त्याच्यासाठी दुसरं मागवलं.

फुटकं व्हायोलिन लॉरीने हिवाळ्यात सांधलं. दोन्हींत चांगलं कुठलं, असं मी त्याला विचारलं. "चुलीपाशी लाकडाचंच," तो म्हणाला. "त्यात ऊब असते. पण वाटेवर मला माझी कढई दे." पुढे अकरा वराती त्याने त्या काळ्या व्हायोलिनवर नेल्या.

लॉरी गेल्या वर्षी नऊ फेब्रुवारीला वारला. चौऱ्याऐंशी वर्षांचा होता.