आरिया, हाबेस

नूरमोहम्मद शेख यांना निलंबित होऊन बत्तीस दिवस झाले होते आणि तेवढ्या दिवसांत त्यांनी अंतराळस्थानक एकोणीस वेळा ठोकलं होतं. म्हणजे कॉम्प्युटरवरचं. कासारवाडीच्या त्यांच्या दोन खोल्यांत अंतराळ आणलं ते त्यांच्या मुलीने, अल्फियाने. ती तळवड्याच्या एका कंपनीत कोड लिहायची. बाप दिवसभर भिंतीकडे बघत बसतो हे तिला बघवेना, म्हणून तिने हा खेळ लावून दिला. खेळात राक्षस नाहीत, बंदुका नाहीत. एक यान, एक स्थानक, आणि यान अलगद नेऊन स्थानकाच्या तोंडाला जोडायचं. सत्तावन्न वर्षांचा माणूस गेम खेळतो म्हणून शेजारी हसले. हसेनात का, त्यांना दुसरं काम काय होतं!

नूरचाचा चाकणच्या एका प्रेस शॉपमध्ये सव्वीस वर्षं क्रेन चालवत होते. छताखालच्या केबिनमध्ये बसायचं आणि खालचा सिग्नलवाला वॉकीटॉकीवर सांगेल तशी बारा टनांची डाय, म्हणजे पत्रा दाबून आकार देणारा लोखंडी साचा, उचलून प्रेसवर ठेवायची. त्याची भाषा दोन शब्दांची. हाबेस म्हणजे उचल, आरिया म्हणजे खाली सोड. हे शब्द कुठून आले कुणास ठाऊक, पण सगळे क्रेनवाले त्यांच्यावरच चालतात. महिन्यापूर्वी डाय प्रेसवर वीतभर उंच लटकत असताना चाचांच्या कानात आरिया पडलं, त्यांनी आरिया केलं आणि डायचा कोपरा उडाला. कुणाला खरचटलंही नाही. पण सिग्नलवाला जयसिंग म्हणाला, मी हाबेस म्हटलं होतं. साहेब म्हणाले, वय झालं, हात थरथरला.

खरी गोम पुढेच होती. महिनाभर जो तो थरथरला, थरथरला म्हणत राहिला, तेव्हा चाचांनाही स्वतःच्या हाताचा संशय येऊ लागला. चहाचा कप उचलला तरी ते आधी बोटांकडे बघायचे. शत्रूवरही अशी वेळ येऊ नये.

खेळानेही त्यांना सुरुवातीला चांगलंच झोडपलं. लटकलेला माल झुलायला लागला की क्रेनवाला काय करतो? माल ज्या बाजूला जातो तिकडेच क्रेन पळवतो, मग झोका मरतो. यान उजवीकडे सरकलं की चाचांनीही उजवीकडेच दाबलं. यान थेट स्थानकाच्या पंखात घुसलं.

"अब्बा, इथे वर दोर नाहीये!" अल्फिया हसून हसून लोळली. "उलटं दाबा, उलटं!"

चाचा उलटं दाबायला शिकले. तरी यान कधी ठोकायचं, कधी बाजूने निघून जायचं. धड जोडणी एकदाही झाली नव्हती.

अशात एका रविवारी भर दुपारी जयसिंग आला. चाकणजवळच्या गावातलाच तो. आधी पॅकिंगला होता, सिग्नलवर येऊन जेमतेम आठ महिने झाले होते. मनाने वाईट नव्हता, पण साहेबांनी पाठवलं की निघणाऱ्यांतला होता. त्याने खिशातून कागद काढला.

"चाचा, यवढी सही करा. हात थरथरला असं लिवलंय. मंग चौकशी बंद. गेटवर हलकं काम देत्यात."

"आणि क्रेन?"

"क्रेन आता इसरायची, चाचा."

चाचांनी कागद कीबोर्डशेजारी ठेवला. यान स्थानकापासून चाळीस मीटरवर होतं आणि हातातलं काम अर्धं सोडायची त्यांना सवय नव्हती. "बस. एवढं होऊ दे," ते म्हणाले. मनात मात्र त्यांनी ठरवून टाकलं, आज ठोकलं तर सही करायची. मग हात थरथरतो हे खरंच.

वीस मीटर. दहा. यान सेकंदाला वीतभर सरकत होतं. स्थानकाचं तोंड किंचित वर राहिलं होतं. जयसिंग बसलाच नाही. चाचांच्या मागे उभा राहून तो त्यात कधी गुंतला ते त्यालाही कळलं नाही.

"चाचा, खाली चाललंय! आरिया! आरिया!"

चाचांचं बोट खालच्या बटणावर गेलं. सव्वीस वर्षांची सवय ती. पण पडदाभर काळंकुट्ट आकाश होतं आणि त्या काळ्या काचेत मागचा जयसिंग स्वच्छ दिसत होता. त्याचा हात वर होता, तर्जनी गरगर फिरत होती. हा इशारा हाबेसचा. तोंडाने आरिया, हाताने हाबेस! त्या दिवशी प्रेसच्या खांबाआड हा हात दिसलाच नव्हता, आवाज तेवढा आला होता.

चाचांनी बटण बदललं. वर दाबलं, एकदाच, टिचकीएवढं. मग तेवढंच उलट. तीन मीटर. एक. जोडणी झाल्याची हिरवी अक्षरं पडद्यावर उमटली.

"जमलं की राव चाचा!" जयसिंगने टाळी वाजवली.

"जयसिंग, आत्ता काय ओरडलास?"

"हाबेस म्हनलं की."

"आरिया म्हणालात," दारातून अल्फिया म्हणाली. "दोनदा."

जयसिंगचं तोंड एवढंसं झालं. चाचांना राग आला होता, पण त्याहून जास्त आनंद झाला होता, आणि त्या आनंदाची त्यांना जराही लाज वाटली नाही. हात शाबूत होता. पहिल्यापासून शाबूत होता.

"घाईत जीभ उलटती माजी," जयसिंग खाली मान घालून म्हणाला. "सायबाला सांगू नका, चाचा. लेकरं ल्हान हायेत."

"आणि माझं नाव? ते काय रस्त्यावर पडलंय?"

चाचांनी पेन घेतलं. छापील ओळीवर आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं, 'मला आरिया ऐकू आलं, मी आरिया केलं. माझा हात थरथरला नाही.' मग पूर्ण नावाची लांबलचक सही केली.

"उद्या हा साहेबांच्या टेबलावर ठेव. गेटवर मी बसणार नाही. चौकशी होऊ दे, सगळ्या शॉपसमोर होऊ दे. बसेन तर क्रेनवर बसेन."

जयसिंगने कागद वरपासून खालपर्यंत वाचला, मग पुन्हा वाचला.

"माजं नाव न्हाई टाकलं?"

"नाही," चाचा म्हणाले. "सहीखाली जागा सोडलीय. तुझं तू लिही."