गाजराच्या कुळातलं

वनस्पती संग्रहालयात वाळलेले नमुने कागदावर टाचून खाली शास्त्रीय नाव आणि कुळ लिहिण्यात तिची तेवीस वर्षं गेली होती. पानाचा तुकडा दाखवला, की ती डोळे झाकून कुळ सांगायची.

रविवारी सकाळी धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा फोन आला. सुतार माणूस, पण रानात भटकायची भारी हौस. ओढ्याकाठच्या रोपाचा फोटो त्यानं पाठवला होता. बारीक चिरलेली पानं, छत्रीसारखा पांढरा फुलोरा.

"ताई, हे काय?"

"एपिएसी. गाजराचं कुळ," कपडे वाळत घालता घालता ती म्हणाली.

"म्हणजे रानगाजरच की!" त्यानं फोन ठेवूनही दिला. गाजर म्हणजे डॉकस कॅरोटा, पण त्याच कुळात जहाल विषारी रोपंही असतात, हे सांगायचं राहिलं. करू नंतर फोन, म्हणून ती पिळे झटकत राहिली.

दुपारी बहिणीचा फोन आला. त्यानं मुळं उकडून खाल्ली होती. बहिणीनं स्वतः उंदरासारखा वास येतो म्हणून तोंडही लावलं नव्हतं.

ती दवाखान्यात पोचली तेव्हा त्याचे पाय गेले होते, हात जात होते. शुद्ध मात्र लख्ख.

"ताई, तुमच्या गाजरानं पार आडवं केलं," तो हसायला गेला, पण ओठ नीट हलेनात. मग श्वासासाठी यंत्र लावलं. सोमवारी सकाळी तो गेला.

डॉक्टरांनी उरलेलं रोप तिच्याकडेच ओळखायला दिलं. दुसरं होतं कोण? देठावर जांभळे ठिपके होते; गाजराला ते नसतात, या जहाल विषारी रोपाचीच ती खूण. तिनं फोनमधला फोटो मोठा करून पाहिला. कोपऱ्यात तेच ठिपके.

तिनं लिहिलं: कोनियम मॅक्युलाटम, कुळ एपिएसी. खाली जोडलं: 'मृताला फोनवर फक्त कुळ सांगणारी मीच.'

"हे लिहायची गरज नाही, बाई," डॉक्टर हळूच म्हणाले.

"आहे," म्हणून तिनं सही केली.

बहिणीनं कागद दोनदा वाचला. "फोटोत दिसत होते ठिपके?"

"हो. नीट बघितलं असतं तर."

बहिणीनं कागदाची घडी करून तिला परत दिला. मग म्हणाली, "त्याला पोचवायला तू येऊ नकोस."

ती गेली नाही.