हरलेलीने पाणी आणायचं

पहिल्याच दिवशी ती अभ्यासदालनाच्या दारातून आल्या पावली मागे फिरली होती, कारण आत भांडण लागलंय अशी तिची खात्री पटली. लांबलचक टेबलं, टेबलांशी समोरासमोर बसलेल्या जोड्या, प्रत्येक जोडीच्या मध्ये उघडा ग्रंथ, आणि सगळे एकाच वेळी बोलताहेत. कुणी टेबलावर बोट आपटतोय, कुणी खुर्चीतून अर्धा उठलाय, एक मुलगा डोक्यावरून घसरणारी छोटी टोपी एका हाताने सावरत दुसऱ्या हाताने समोरच्याला थांबवू पाहतोय. मासळीबाजार परवडला. आणि बाई? बाई खिडकीशी उभ्या राहून हा सगळा गोंधळ कौतुकाने ऐकत होत्या.

आता हिची आधीची शाळा म्हणजे हाताची घडी, तोंडावर बोट. तिथे ती इतकी शहाण्यासारखी गप्प बसायची की वर्तनाचा शेरा दर वर्षी 'उत्तम'. बाबांनी चष्म्याचं दुकान या गावात हलवलं आणि ज्यू समाजाच्या या हायस्कुलात तिचं नाव घातलं. समाजाचीच मुलगी, पण धर्मशास्त्राच्या ग्रंथातली हिब्रू अक्षरं ओळखण्यापलीकडे तिला काही येत नव्हतं. मुख्याध्यापकांनी नववीत घेतलं ते अटीवर. वर्षअखेरीची शास्त्राची तोंडी परीक्षा पास झाली तर दहावी, नाहीतर पुन्हा नववी. आणि पुढच्या वर्षी नववीत कोण येणार? तिची सख्खी धाकटी बहीण. ते कळल्यापासून धाकटी रोज जेवताना म्हणायची, 'ताई, आपण एकाच बाकावर बसू हं.' इतक्या मायेने म्हणायची की ताईच्या घशाखाली घास उतरत नसे.

बाईंनी तिची जोडी लावली ती तोफेशी. हे नाव त्या मुलीला शाळेनेच दिलेलं, आणि तिने ते पदकासारखं मिरवलं होतं. अंगाने काडी, आवाजाने तोफ. तिने नवीन मुलीकडे नीट पाहून घेतलं, दोनचार प्रश्न विचारले, एकाचंही धड उत्तर मिळालं नाही, तेव्हा म्हणाली, गोगलगाय आहेस झालं. झालं म्हणजे झालंच. दुसऱ्या दिवसापासून वह्या वाटणारा मुलगासुद्धा तिला गोगलगायच म्हणायला लागला.

या शाळेत गणित, विज्ञान, इतिहास सगळं होतंच, आणि चांगलं कसून होतं, पण शाळेचा जीव होता तो या दुपारच्या दालनात. ग्रंथाचं पान मोठं गमतीचं. मधोमध मूळ मजकूर जेमतेम चार ओळी, आणि त्याच्या चहूबाजूंनी शेकडो वर्षांचे पंडित एकमेकांना खोडून काढत बसलेले. ज्याचं मत पडलं त्याचंही मत कुणी पुसलेलं नाही, तेही तिथेच, मानाने छापलेलं. आज हरलेलं उद्या कामी येतं, असं बाई म्हणायच्या. मुलांनीही तसंच शिकायचं. एकीने आपलं म्हणणं मांडायचं. दुसरीने आधी तेच म्हणणं आपल्या शब्दांत सांगायचं, इतकं नेमकं की पहिली म्हणाली पाहिजे, 'हेच.' मग ते मोडून दाखवायचं. आणि जी हरेल तिने उठून व्हरांड्यातल्या माठातून जिंकलेलीला पाणी आणून द्यायचं. बोलून बोलून घसे सुकायचे, त्यातून ही रीत पडली असावी.

गोगलगायीने वर्षभर पाणी आणलं. हरून नव्हे बरं का, हरायला आधी लढावं लागतं. तोफ मुद्दा मांडायची, ही तो सुरेख सांगून दाखवायची, तोफ 'हेच' म्हणायची, आणि मोडायची वेळ आली की ही 'पटतं मला' म्हणून पेला घेऊन उठायची. तोफ वैतागायची. 'अगं, नंदीबैलाशी जोडी लावलीय का माझी?' असं म्हणायची, पण पाणी प्यायची, आणि पुन्हा पहिल्यापासून समजावायला बसायची. एकेक ओळ बोट ठेवून, उजवीकडून डावीकडे, न कंटाळता. सुट्टीत इतर पोरी अंगणात हुंदडत असायच्या तेव्हा तोफ हिला जिन्याच्या पायरीवर बसवून अवघड शब्द घोकून घ्यायची.

गोगलगायीला तिचं फार फार कौतुक वाटायचं. असं माणूस तिने पाहिलंच नव्हतं. विज्ञानाच्या सरांशी तोफ वाद घालायची, त्यांना प्रयोग पुन्हा करायला लावायची, आणि सरांचंच बरोबर निघालं तर सगळ्या वर्गादेखत 'हरले' म्हणून हसत पाणी आणायला पळायची. शेजारच्या टेबलावरच्या टोपी सावरणाऱ्या मुलाने तिला दोनदा हरवलं, तर महिनाभर ती त्याची तारीफ करत हिंडली. नाक नावाची गोष्ट देवाने तिला फक्त श्वास घ्यायला दिली होती. अशा मुलीच्या उपकारांची फेड कशी करायची, हे गोगलगायीला कळेना. मग निदान तिला कधी खाली पाहायला लावायचं नाही, एवढं तिने मनाशी ठरवून टाकलं.

आणि नेमका तिथेच घात झाला.

तोंडी परीक्षा गुरुवारी होती. जोडीने उभं राहायचं, जोडीने पास, जोडीने नापास. समोर बाई आणि मुख्याध्यापक. बाईंनी प्रश्न घातला. एका माणसाच्या घराला आग लागली. शेजारी घरात नव्हता. याने न विचारता शेजाऱ्याची शिडी उचलली, आग विझवली, पण शिडी जळून गेली. शिडी भरून द्यायची की नाही?

तोफ सुटलीच. नाही द्यायची, म्हणाली. शेजारी घरात असता तर त्याने नको म्हटलं असतं का? आग लागली असताना शिडी अडवून धरणारा माणूस असतो का कुठे? त्याने दिलीच असती. मग न विचारता घेतली काय अन् विचारून घेतली काय, एकच. म्हणजे ही चोरी नाही, आणि चोरी नाही तर भरपाईही नाही. खणखणीत बोलली. मुख्याध्यापकांनी मान हलवली. गोगलगायीने सगळं म्हणणं नेमकं सांगून दाखवलं आणि तोफ म्हणाली, 'हेच.'

आणि त्याच क्षणी गोगलगायीला चूक दिसली. लख्ख दिसली. पण ती चूक सांगितली तर वर्षभर जिने हात धरून चालवलं तीच मुख्याध्यापकांसमोर तोंडघशी पडणार होती. बाईंनी विचारलं, 'आता तुझं म्हणणं?'

ती म्हणाली, 'मला पटतं, बाई.'

बाईंनी पेन खाली ठेवलं. दोघी एकच बोलणार असाल तर एकीने घरी जायला हरकत नाही, असं त्या शांतपणे म्हणाल्या आणि दोघींना नापास केलं. सोमवारी पुन्हा या, प्रश्न हाच, आणि ही शेवटची संधी, एवढंच पुढे सांगितलं.

व्हरांड्यात तोफेने तिला माठाजवळ गाठलं. खरंच पटलं का, असं विचारलं. गोगलगायीला खोटं बोलता येत नव्हतं, फक्त गप्प बसता येत होतं, आणि तोफ तिला गप्प बसू देईना. शेवटी ती पुटपुटली की चूक दिसली होती, पण तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही. तोफेचा चेहरा असा पडला की तिला नापास झाल्याचंही एवढं वाईट वाटलं नसावं.

'म्हणजे वर्षभर मी भिंतीशी बोलत होते,' ती म्हणाली. 'तुला मी मैत्रीण समजत होते. तू मला पाहुणी समजत होतीस.'

गोगलगाय ती चूक सांगायला लागली, तर तोफेने हात वर केला. आता सांगू नकोस, म्हणाली. मी माझी शोधते. नाही सापडली तर सोमवारी बाईंसमोरच सांग, उभी राहून, मोठ्याने. आणि निघून गेली. शुक्रवारी शाळा शब्बाथसाठी, म्हणजे संध्याकाळी सुरू होणाऱ्या विश्रांतीच्या पवित्र दिवसासाठी, लवकर सुटली, तोवर ती हिच्याकडे न पाहता दुसऱ्या टेबलावर बसून होती. शनिवारी तर दोन्ही घरांत फोनला हात लावायची सोय नाही. गोगलगायीने तो अख्खा दिवस खिडकीशी बसून काढला. धाकटीने बाकाचा विषय एकदाही काढला नाही, यावरून काय ते समजा.

रविवारी ती बाबांच्या दुकानात जाऊन बसली. बाबा एका काकांचा नंबर काढत होते. काकांच्या नाकावर चाचणीची जाड चौकट, बाबा तिच्यात एक भिंग घालतात, काढतात, दुसरं घालतात आणि विचारतात, हे बरं की ते बरं? काका अगदी सज्जन. तेही छान, म्हणाले. हेही छान. तुम्ही म्हणाल ते. बाबांनी तिसऱ्यांदा विचारलं, तरी तेच. मग बाबांनी चौकट काढून टेबलावर ठेवली आणि काकांना जरा चहा पिऊन या म्हणून बाहेर पाठवलं.

बाबा तसे घरात कुणाला वर मान करून बोलू न देणारे. लहानांनी मोठ्यांपुढे नमतं घ्यावं, हे त्यांचंच वाक्य. पण आता ते भिंगं पुसता पुसता तणतणत होते.

'माझ्या मनाला बरं वाटावं म्हणून छान म्हणतात, आणि मग चष्मा लावून जिन्यावरून पडतात. अरे, मला खूश करायला आलास की डोळे दाखवायला? नाही दिसत म्हण ना. तू नाही म्हटल्याशिवाय मी काम कसं करू?'

गोगलगाय ऐकत होती. तिने आयुष्यात पहिल्यांदा बाबांना विचारलं, की मग घरी आम्ही नाही म्हटलं तर का चालत नाही? बाबांच्या हातातलं फडकं थांबलं. त्यांनी पोरीकडे पाहिलं, एकदा नेहमीच्या चष्म्यातून, एकदा चष्म्यावरून. मग म्हणाले की प्रश्न बरोबर आहे, उत्तर विचार करून सांगतो. ते उत्तर त्यांनी अजून दिलेलं नाही, पण रात्री जेवताना त्यांनी सगळ्यांआधी तिच्या पानात वाढायला लावलं, आणि आईच्या भुवया वर गेल्या.

सोमवारी दोघी पुन्हा त्याच टेबलाशी उभ्या राहिल्या. तोफेच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. चूक काही तिला सापडलेली नव्हती. तरीही ती मागे सरली नाही, तोच मुद्दा तिने आणखी तासून, आणखी धार लावून मांडला. आपल्याला इथे पाडणार हे ठाऊक असताना कुणी इतक्या ताकदीने उभं राहू शकतं, हे पाहून गोगलगायीला भरून आलं. तिने तोफेचं म्हणणं सांगितलं, गुरुवारपेक्षाही चांगलं, तोफेला सुचला नव्हता असा एक दाखला स्वतःच्या पदरचा घालून. तोफ म्हणाली, 'हेच. किंबहुना जास्तच.'

बाई म्हणाल्या, 'आता तुझं.'

धाकटी, बाक, नववी, सगळं डोळ्यांसमोरून गेलं. तिने टेबलाची कड घट्ट धरली आणि बाईंकडे नाही, तोफेकडे बघून बोलली.

'शेजाऱ्याने शिडी दिली असती, हे मी मानते. पण काय म्हणून दिली असती? उसनी. कुणी शिडी मागितली तर आपण ती कायमची देऊन टाकत नाही. आणि उसनी आणलेली वस्तू जळाली तर आणणारा ती भरून देतो, हे तूच मला जिन्यावर शिकवलंस. तो चोर नाही, इथवर तुझं बरोबर. पण चोर नाही म्हणजे देणं नाही, हे चूक आहे.'

चूक आहे. हे दोन शब्द तिच्या तोंडून कधी बाहेर पडले नव्हते. दालनात शेजारच्या टेबलांवरच्या मानासुद्धा इकडे वळल्या होत्या. मुख्याध्यापकांनी पुढे वाकून कोपरं टेबलावर टेकली. तोफेने छताकडे पाहिलं. आणि मग तिच्या चेहऱ्यावर जे हसू पसरलं तसं गोगलगायीने वर्षभरात पाहिलं नव्हतं.

'हरले,' तोफ म्हणाली. 'बाई, चारी मुंड्या चीत झाले. गोगलगाय आणि पोटात पाय, म्हणतात ते खोटं नाही.'

बाई दोघींच्या नावांपुढे पासची खूण करायला लागल्या. त्यांना चष्मा पुसायला मधेच थांबावं लागलं. पण गोगलगायीचं तिकडे लक्ष नव्हतं. तोफ केव्हाच दाराबाहेर गेली होती. व्हरांड्यात माठाचं झाकण वाजलं. ती परत आली तेव्हा पेला काठोकाठ भरलेला होता, सांडू नये म्हणून ती जपून, हळूहळू पावलं टाकत होती, जन्मात कधी हळू न चाललेली मुलगी. तिने तो दोन्ही हातांनी गोगलगायीपुढे धरला.

'पी,' ती म्हणाली. 'आणि लवकर पी. ती आग शेजाऱ्याच्याही घराला लागणार असेल तर? माझ्याकडे मुद्दा आहे.'

गोगलगायीने पेला एका दमात रिकामा केला, तोंड पुसलं, आणि खुर्ची पुढे ओढून बसली.