सेटलमेंटचा दुसरा अर्थ

लॉच्या प्रवेशपरीक्षेसाठी उत्तरा इंग्रजी शब्द नुसते घोकत होती. "'क्विएसंट' म्हणजे निद्रिस्त," आईनं, कुमुदिनीनं सांगितलं. दिल्लीत वाढलेल्या पोरीला निद्रिस्तही कळेना.

"अगं, झोपल्यासारखं शांत. आणि आधी अख्खं वाक्य वाच. एकाच शब्दाचे चार अर्थ असतात."

त्या रविवारी गाझियाबादच्या त्यांच्या सोसायटीत मीटिंग होती. बेसमेंटच्या खांबांना तडे गेले होते, म्हणून इंजिनिअरकडून तपासणी करून घेतली होती. तो फोनवर, स्पीकरवरून, घाईघाईत इंग्रजीत बोलत होता. खरखरीतून एकच वाक्य नीट ऐकू आलं, "द सेटलमेंट इज नो लाँगर क्विएसंट..."

सेक्रेटरी भाटियांनी पटकन फोन कापला. "सुना? बिल्डर से सेटलमेंट हो रहा है. अब कोई टेन्शन नहीं."

टाळ्या पडल्या. उत्तरानं मात्र शेजारी बसलेल्या बाबांची, दिलीपची, बाही ओढली.

"बाबा, समझौता नाही हो! इमारतीचं सेटलमेंट म्हणजे पाया खचणं. ते आता शांत राहिलेलं नाही, असं म्हणाले ते."

"तुझी टेस्टची तयारी घरी, यार," दिलीप पुटपुटला.

ती उभीच राहिली. "अंकल, इंजिनिअर साहब को फिर से फोन लगाइए ना."

भाटिया हसले आणि फोन खिशात टाकला. "बेटा, इसी हफ्ते दो फ्लॅट बिक रहे हैं. अफवाह मत फैलाओ." लोकांनी माना डोलावल्या. दिलीपनं मात्र पाहिलं, भाटियांच्या कपाळावर घाम आला होता.

घरी आल्यावर बाथरूमचं दार लागेना. सकाळी लागत होतं. दिलीपनं खांदा लावून ढकललं, मग वाकडी झालेली चौकट बघत राहिला.

"कुमुद, कपडे भर. दिल्लीत, लक्ष्मीबाई नगरला ताईकडे जाऊ."

उत्तरानं मजल्यावरच्या सगळ्या बेल वाजवल्या. "देखते हैं," म्हणत दारं बंद झाली. समोरच्या अलकनंदाकाकू तेवढ्या औषधांची पिशवी घेऊन निघाल्या.

गेटपाशी टॅक्सीत बॅगा ठेवताना जमिनीखालून आवाज आला, वाळका बांबू कडाडून मोडावा तसा. गार्ड खुर्चीतून उठला. बेसमेंटच्या उतारावर मुलं सायकली चालवत होती.

"उत्तरा!" आई किंचाळली, पण ती केव्हाच धावत सुटली होती. "बाहर आओ! सब बाहर!"

मुलं घाबरून वर पळाली. त्यांच्यामागून उतारावर सिमेंटची धूळ वर येऊ लागली. बाल्कन्यांमधून माणसं वाकून बघत होती, अजून कुणीही खाली उतरत नव्हतं. दिलीप भाटियांना फोन लावत होता.

फोन बंद होता.