तळ उठला

प्रेमचा फोन आला तेव्हा लुंबिनी कंधारच्या घरी भाकरी थापत होती. आफ्रिकेत शांतिसेनेत गेलेला तिचा नवरा ठरल्याआधीच परत येणार होता.

"मोठ्या देशांनी पैशे थांबवलेत. आमचा तळ उठून राहिला."

"लई बरं झालं," ती म्हणाली. त्यानं फोन ठेवून दिला. तेव्हा तिला ते खटकलं नाही.

आला तो निम्मा होऊन. सासूनं, सुमनबाईनं, पुरणपोळ्या केल्या. गल्लीनं हार घातले. प्रेम परक्या घरी आल्यासारखा बसून राहिला. एका दुपारी सासू शेजारी गेली, तेव्हा तो बोलला. तळाच्या कुंपणाला लागून एक गाव होतं. हल्लेखोरांच्या भीतीनं आसपासची माणसं तिथं येऊन राहिली होती. गावची मास्तरीण मेरी शिपायांसाठी दुभाष्याचं काम करायची.

"तळ उठवायच्या आधी पाहणीला साहेब लोक आले. डिझेल मोजलं, जनरेटर मोजले. मेरी मागं मागं फिरून म्हणत होती, एकदा गावात चला. कुणी गेलं न्हाई. आम्ही निघताना बाया ट्रकपुढं आडव्या पडल्या. मीच एकेकीला उचलून बाजूला केलं."

"तुमचा काय इलाज? हुकूम होता."

"हाव. हुकूम होता."

मग मेरीचे फोन येऊ लागले. नाव दिसलं की प्रेम उठून परसात जाई.

"उचला की," लुंबिनी म्हणायची.

"उचलून काय सांगू?"

एके दिवशी तो फोन घरीच विसरून नांदेडला गेला. फोन वाजला, मेरीचं नाव होतं. लुंबिनीनं उचलला. पलीकडं गलका, लेकरांचं रडणं, आणि धापा टाकत बोलणारी एक बाई. लुंबिनीला त्यातलं एकच कळत होतं. प्रेम, प्रेम.

"ते घरी न्हाईत, बाई," ती मराठीतच म्हणाली.

बाई थांबली. मग फोन कटला.

प्रेम आल्यावर तिनं सांगितलं. त्यानं नंबर लावला, लावतच राहिला. बंद. दोन-तीन दिवसांनी सोबतच्या शिपायाकडून कळलं, गाव जाळलं. कोण वाचलं, कुणालाच ठाऊक नव्हतं.

भांडी घासताना लुंबिनीच्या कानात ते रडणं घुमे. 

रजा सरली, प्रेम पलटणीकडं निघाला. एसटी सुटताना सुमनबाईनं खिडकीशी येऊन विचारलं, "पोरा, पुन्हा तिकडं धाडतील का रे?"

"न्हाई, माय."

"बुद्धाची कृपा," म्हातारीनं हात जोडले.

लुंबिनीनं मान खाली घातली. प्रेमनं खिडकीची काच ओढून घेतली.