पट्ट्यावरचा फुकट्या

आमचे हे बसचे कंडक्टर. उभी हयात हलत्या गाडीत काढलेला माणूस हृदयाच्या चाचणीला डॉक्टरांच्या सरकत्या पट्ट्यावर कसा चालणार? समोरचा दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरून, सगळा भार त्यावर टाकून. छातीला वायरी चिकटवलेल्या, खाली पट्टा धावतोय आणि हे दांड्याला लोंबकळताहेत. मी दारातून बघत होते. पाय आपले नावाला हलत होते.

रिपोर्ट स्वच्छ आला. तेव्हापासून घरात नुसता तोरा. धाकट्या भावाला फोन करून म्हणे, माझं हृदय घोड्याचं आहे. जिना चढताना जबडा दुखायचा, त्याचा आळ दाढेवर. जेवताना गप्प बसणारी आणि जिन्यावरच ठणकणारी दाढ जगात एकट्या यांच्याच तोंडात. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्याही बंद केल्या. शहाण्याला सांगून काय उपयोग, म्हणून मीच डॉक्टरीणबाईंना गाठलं आणि पाहिलेलं सांगितलं.

त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, दांड्यावर भार टाकला की हृदयाला काम पडत नाही. ठोके हवे तेवढे वाढलेच नव्हते, तेव्हाच आम्हाला खटकायला हवं होतं. थोड्या कामापुरतं रक्त अरुंद नळीतूनही जातं, मग आलेख कशाची तक्रार करणार? आणि चाचणी नीट झाली तरी अर्धवट तुंबलेली नळी तिला दिसेलच असं नाही.

घरी येऊन हे सांगितलं, तर साहेब म्हणाले, "एकदा पास झालो ना? पुन्हा कशाला?"

"पास?" मी म्हटलं. "अहो, पट्टा चालला, तुम्ही नुसते बसून आलात. तुमच्या गाडीत असा फुकट्या सापडला असता तर कॉलर धरून उतरवला असता."

वर्मी लागलं. मग एका सकाळी स्वतःच बूट घालून दारात उभे.

या खेपेला हात मोकळे. जरा चालले नाहीत तोच चेहरा राखेसारखा झाला, हात जबड्याकडे गेला. बाईंनी पट्टा थांबवला. आलेख बघून म्हणाल्या, आज घरी सोडत नाही, नळ्यांचा फोटो काढायचा.

मी टोमणा तयारच ठेवला होता, चांगला धार लावून. हे खुर्चीत बसले, घामानं निथळत, आणि हळूच म्हणाले, "मला आधीपासून ठाऊक होतं गं. कळून घ्यायचं नव्हतं."

मूर्ख माणूस. मी त्यांच्या बुटांच्या नाड्या सोडायला खाली वाकले, म्हणजे माझं तोंड त्यांना दिसायला नको.