शंभूचा खालचा जबडा

शंभूचं वरवंडचं स्थळ जबड्यावरून मोडलं. म्हणजे मोडलं नाहीच. शंभूची आई पुतळाबाई तळेगाव ढमढेऱ्यात विचारील त्याला "बोलणी चालू हायती" असं सांगते, तेव्हा आपणही तसंच धरून चालू.

मुलगी बघायला गेले तो दिवस बरा होता. प्रतिभानं पोहे आणले. शंभूनं तिच्याकडे दोनदा बघितलं आणि तिसऱ्यांदा बघायला लग्नच करावं, असं मनात ठरवून टाकलं. तेवढ्यात तिचे आजोबा, ज्ञानू आबा, उठले. चाळीस वर्षं मेंढरं वळलेला माणूस. बाजारात मेंढा घेताना करतात तसं त्यांनी शंभूची हनुवटी धरली, अंगठ्यानं खालचा ओठ ओढला आणि आत बघितलं.

आत खालचे दात वडापच्या जीपमधल्या माणसांसारखे बसले होते. दोघं दुसऱ्यांच्या मांडीवर, एक दाराला लोंबकळत.

"जबडा वाढला न्हाई," आबा म्हणाले. "ल्हानपणी काय घालत हुता ह्याला?"

"च्यात बुडवून खारी," पुतळाबाई कौतुकानं म्हणाली. "भाकर दिलीच तर दुधात कुस्करून. एकुलता हाय."

"कोवळ्या चाऱ्यावर वाढवलाय."

"आबा," प्रतिभा आतून म्हणाली, "मला काय त्यांच्याकडून कडबा खाऊन घ्यायचाय?"

"तू गप. कळपाचा इचार करावा लागतो."

आबांनी तीन महिन्यांची मुदत दिली. शंभू शिळी भाकरी कोरडीच खाऊ लागला, ऊस दातानं सोलू लागला, कोरेगावच्या कंपनीत जेवणाच्या सुट्टीत फुटाणे फोडू लागला. शेजारचा मल्हारी म्हणायचा, "शंभ्या, मशीन बंद कर की." गाल असे भरले की हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली लागेना. शंभू खुशीत वरवंडला गेला. आबांनी गाल दाबून बघितला.

"मांस आलंय. हाड हाय तेवढंच हाय."

दौंडच्या दातांच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. लहानपणी कडक चावलं की जबड्याच्या हाडावर जोर येतो आणि त्या जोरावर ते वाढतं. मऊ खाल्लं की हाड आखडतं, दात मात्र ठरलेले तेवढे येतातच.

"तार लावून दात सरळ होतील," डॉक्टर म्हणाले.

"आन् हाड?"

"त्याला बालपण लागतं."

तार लावलेला मेंढा विकणाऱ्याला बाजारात मार बसतो, हे आबांचं मत शंभूला न विचारताच कळलं. त्यानं दौंडच्या स्टँडवर बसूनच कागद लिहायला घेतला.

'मा. तहसीलदार साहेब, तालुका शिरूर, यांस. विषय : बालपण पुन्हा मिळणेबाबत. महोदय, अर्जदाराचा वय वर्षे दोन ते बारा हा काळ खारी खाण्यात गेला असून त्यात अर्जदाराचा दोष नाही. तरी सदर दहा वर्षे भाकरीसह पुन्हा मंजूर व्हावीत, आणि ती पूर्ण होईपर्यंत मौजे वरवंड, तालुका दौंड येथील कु. प्रतिभा हिचे लग्न अन्यत्र ठरविण्यास स्थगिती मिळावी, ही नम्र विनंती.'